चिकटपट्टीचा एक

हे लिहिणार नव्हतो. दोनदा अर्धं टाइप केलं आणि पुसून टाकलं. आमच्या भागात गाड्यांच्या नादातली माणसं किती असतील, त्यामुळं कुणाबद्दल लिहिलंय ते लगेच कळणार. कळू दे. बरीच वर्षं झाली आता.

"स्टिअरिंग सोड," कुलदीपदा म्हणाला.

मी सोडलं नाही. त्याच्या जिप्सीचं मागचं अंग बाहेर सटकलं होतं, काचेतून मैदानाच्या मधे उभा केलेला ड्रम दिसायचा बंद होऊन साखर कारखान्याची चिमणी दिसायला लागली होती, आणि हा माणूस शेजारी बसून सांगतोय हात काढ. मी अजून घट्ट धरलं. गाडी गर्रकन स्वतःभोवती फिरली, बंद पडली, आणि उडालेला सगळा मुरूम उघड्या खिडकीतून आमच्या तोंडात.

तो खिडकीतून थुंकला. तोंड पुसलं. "कुठं बघत हुतास?"

"ड्रमकडं."

"मग ड्रमकडंच जाणार की. जिकडं जायचंय तिकडं बघ. मागची चाकं सुटली की पुढची आपली आपण बरोबर दिशेला वळत्यात. तू फक्त मधी येऊ नको. सोड, फिरू दे, थांबलं की धर. बाकी सगळं पायात हाय."

परत चालू केली. परत फिरली. त्या दिवशी किती वेळा फिरली सांगत नाही. पण शेवटी शेवटी एकदा मी डोळे पार पलीकडच्या वजनकाट्यावर ठेवले आणि हात सैल केले. स्टिअरिंग माझ्या बोटांतून सुर्रकन उलटं गेलं, थांबलं, मी धरलं. आणि गाडी आडवी, अगदी आडवी, ड्रमभोवती पळत राहिली. दारातून पुढं चालल्यासारखी. कुलदीपदानं माझ्या मांडीवर थापटलं.

उसाचा हंगाम संपला की कारखान्याचं केनयार्ड ओस पडतं. हंगामात तिथं उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वजनाला रांगेत थांबलेल्या असतात, एप्रिल-मेमध्ये नुसता दाबलेला मुरूम, कुत्री आणि उसाचं वाळकं पाचट. कुलदीपदाची तिथल्या वॉचमनशी ओळख. आम्ही सकाळी लवकर जायचो, ऊन चढलं की परत.

आमची ओळख कशी झाली ते पण सांगतो. काकाची शाळेची ओम्नी मी चालवायचो. पोरं सोडून आलो की मागच्या सीट रिकाम्या, इंजिन आपल्या बुडाखाली, मागं वजनच नाही, आणि ओढणारी चाकं मागची. ओल्या रस्त्यावर पाय जरा जड झाला की शेपूट हलायची. पहिल्यांदा घाबरलो, दुसऱ्यांदा मुद्दाम केलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि चिखल झालेल्या ओसाड प्लॉटात करून बघायचं, एवढंच माझं शिक्षण. प्लॉटासमोर कुलदीपदाचं गॅरेज. एकदा तो हात पुसत पुसत आला, खिडकीतून डोकं आत घातलं आणि म्हणाला, "काकाला सांगू, का शिकवू?"

वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा, पण दोस्त झाला. जिल्ह्यात नाव होतं त्याचं. क्लबच्या स्पर्धेत कायम दुसरा नाहीतर तिसरा. पहिला कधीच नाही. घरी स्नेहलवहिनी आणि छोटी ओवी. त्या दोन महिन्यांत मी माझ्या घरी कमी आणि त्यांच्या घरी जास्त जेवलो. वहिनी मला भावजी म्हणायच्या, आणि माझ्यासाठी झुणक्यात तिखट कमी घालायच्या. कुलदीपदा चिडवायचा, कोल्हापूरचा हाईस का पुण्याचा.

मे महिन्याच्या शेवटी क्लबची ऑटोक्रॉस त्याच यार्डात होणार होती. म्हणजे ड्रम मांडून ठेवलेल्या वळणावळणाच्या वाटेवर एकेक गाडी सोडायची, सगळ्यात कमी वेळ त्याचा नंबर पहिला. दरवर्षी व्हायची. त्या वर्षी वेगळं एवढंच की पुण्याहून एक टीम ड्रायव्हर शोधायला येणार होती. जो पहिला येईल त्याला वर्षभर त्यांची गाडी, त्यांची टायरं, सगळ्या स्पर्धांना ते नेणार. गाडीवाल्या पोरांना हे बक्षीस होतं. मला तो एकच दरवाजा होता. माझी स्वतःची गाडी होईल तेव्हा मी कंबर धरून उतरत असेन, असं कुलदीपदाच म्हणायचा.

त्यालाही टीमच्या गाडीतली ती सीट पाहिजे होती, हे मला माहीत होतं. लपवलं नव्हतं त्यानं. एकदा मी विचारलं, आपण दोघंही उतरणार, मग कसं? तो टायर काढत होता. मान वर न करता म्हणाला, "दोघातला कुणीबी गेला तरी आपलंच की."

मधे एक दिवस झाला तो सांगायलाच पाहिजे. धूळ बसावी म्हणून कारखान्याचा टँकर यार्डात पाणी मारून गेला. वरचा थर साबणासारखा झाला. कुलदीपदाची पद्धत म्हणजे वळणाच्या तोंडाला हँडब्रेक ओढून मागचं अंग फेकायचं. कोरड्यात ते भारी चालायचं. ओल्यात त्यानं ओढला आणि गाडी फिरून उलटी उभी. परत केलं, परत उलटी.

मग मी बसलो. मी ओम्नीत करायचो तसंच केलं. हँडब्रेकला हातच नाही. वळण यायच्या बऱ्याच आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, गाडीला उलट्या बाजूला हलका झोका द्यायचा, आणि थांबायचं. त्या थांबण्यातच सगळं आहे. मागचं अंग आपलं आपण सैल होऊन येतं, मग हळू पाय दाबायचा. जिप्सी पाण्यावरून घसरावी तशी एका ड्रमवरून दुसऱ्यावर गेली, कुठं झटका नाही, काही नाही.

"हे कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"ओम्नीनं."

तो हसला. पण मग त्यानं मला तेच परत परत करायला लावलं, आणि स्वतः खाली वाकून माझ्या पायाकडं बघत बसला. मग स्वतः करून बघितलं. त्याचा हात दर वेळी हँडब्रेकवर जायचाच. इतक्या वर्षांची सवय. "मला न्हाई जमायचं हे," म्हणाला आणि गाडी बंद केली.

स्पर्धेच्या दिवशी गर्दी झाली होती. गाड्यांपेक्षा गाड्या बघणारे जास्त, मांडव, माईक, उसाच्या रसाची गाडी. पुण्याच्या टीमचे बर्वे नावाचे एक गृहस्थ टोपी घालून टेबलाजवळ बसले होते, कुणाशी फार बोलत नव्हते. टेबल सांभाळायला क्लबचे खाडेसाहेब.

आमच्यात एक पद्धत आहे. सगळ्यांकडं गाडी नसते, मग एका गाडीवर दोघं उतरतात. नंबर मात्र वेगळे पाहिजेत. म्हणून गाडीच्या मालकाला सात दिला तर दुसऱ्याला सतरा देतात. दारावर सात छापलेला असतो, दुसरा बसला की सातच्या अलीकडं काळ्या चिकटपट्टीचा एक चिकटवायचा, तो उतरला की काढायचा. टेबलावरचा माणूस तोंड बघत नाही. हेल्मेटमध्ये तोंड दिसतच नाही. तो दारावरचा आकडा बघून वेळ लिहितो.

माझं हेल्मेट मोटरसायकलचं, ते तपासणीत चाललं नाही. म्हणून मी पण कुलदीपदाचंच घातलं, मागं लाल अक्षरात त्याचं नाव असलेलं. अंगात दोघांच्याही गॅरेजचे निळे फुल शर्ट. सकाळी एकचा आकडा मीच चिकटवला. कात्री नव्हती, पट्टी दातानं तोडली.

प्रत्येकाला दोन फेऱ्या, चांगली असेल ती धरायची. पहिली कोरड्यात झाली. तो तिसरा आला, मी चौथा. वहिनींनी ओवीला कडेवर घेऊन टाळ्या वाजवल्या. मग धूळ फार उडायला लागली म्हणून टँकर फिरवला. जमीन आता माझी झाली होती.

गाड्या ट्रॅक्टरच्या शेडमागं उभ्या राहायच्या. तिथून टेबल दिसत नव्हतं. माईकवर सात नंबर पुकारला. मी कुलदीपदाला हेल्मेट द्यायला गेलो, तर तो म्हणाला, तू बस.

"सात पुकारलाय. सात म्हणजे तू."

"टेबलावर सांगून आलोय. टँकर आत्ता फिरलाय, ओल्यात तू जा. मी जरा वाळल्यावर जातो. बस लेका, टाइम घालवू नको."

मी बसलो. दारावर माझा एक पहिल्या फेरीपासून तसाच होता. बेल्ट त्यानंच आवळले, खांद्यावरून, पोटावरून, एवढे की मान पण नीट वळेना. दार लावलं. मग बाहेर दारावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, नखानं खरवडावं तसा. चिखल काढत असेल, मला वाटलं. वहिनी शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या आमच्याकडंच बघत होत्या.

त्या फेरीबद्दल काय लिहू. आयुष्यात तशी परत झाली नाही. पहिल्या वळणाला पाय उचलला, झोका दिला, थांबलो. आलं. मी स्टिअरिंग सोडलं, ते फिरलं, धरलं. दुसऱ्याला तर मी काही केलंच नाही असं वाटलं, नुसता पुढच्या ड्रमच्या पलीकडं बघत होतो आणि गाडी तिथं जात होती. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं हसत होतो. शेवटच्या वळणाला बाहेर पडताना गर्दीचा आवाज इंजिनाच्या वर आला.

शेडमागं परत आलो. कुलदीपदा हेल्मेटसाठी हात पुढं करून उभाच होता. "काय गेलास लेका," म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याला मिठी मारली, त्यानं मला बाजूला केलं, उशीर होतोय म्हणाला. मी शेडच्या कडेला पळत गेलो, त्याची फेरी बघायला.

दुसऱ्याच वळणाला त्याचा हात हँडब्रेकवर गेला असणार. गाडी फिरली, ड्रम आडवा पडला, गाडी बंद. परत आला तेव्हा तो गाडीतून उतरेना. मी खिडकीपाशी गेलो. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं, घाम गळत होता.

"चुकलं रे माझं," म्हणाला.

"ड्रमच हाय दादा. जाऊ दे."

त्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटलं. मी त्याला रस आणून दिला.

निकाल खाडेसाहेबांनी माईकवर वाचला. पहिला, गाडी नंबर सात, कुलदीप चौगुले. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या, खरं सांगतो. मला वाटलं, टेबलवाल्यांनी अदलाबदल लक्षात न ठेवता लिहिलं असणार. दोन मिनिटांचं काम, जाऊन सांगितलं की झालं. मी हसत हसतच टेबलाकडं गेलो.

खाडेसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरा, गाडी सातच्या नंबरनं गेली. मार्शलनं दार बघून लिहिलंय. सतरानं तर ड्रम पाडला."

मी म्हणालो, चिकटपट्टीचा एक निघून पडला असेल, आम्ही आधीच सांगितलं होतं तुम्हाला. ते म्हणाले, आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही. मी म्हणालो, दादाला विचारा, तो सांगेल.

कुलदीपदा बर्व्यांच्या शेजारी उभा होता. खाडेसाहेबांनी हाक मारली. सगळे बघायला लागले.

"कुलदीप, ओल्यातली तुझ्या गाडीची ती पहिली फेरी कुणाची?"

तो माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली, सांग की म्हणून.

"माझी," तो म्हणाला. आणि मग, हळू आवाजात, माझी बाजू घेतल्यासारखं, "पोरगं हाय साहेब. मनावर घेऊ नका."

त्यानंतर मी तिथं काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझा दंड धरला होता. कुणीतरी म्हणालं, अरे त्यानं तुला शिकवलं आणि तू असं करतोस. चारपाच जणांनी मोबाईलवर ती फेरी घेतली होती, मीच म्हणालो बघा. बघितली. सगळ्यांत निळा शर्ट, हेल्मेट, आणि हेल्मेटमागं लाल अक्षरात कुलदीप. बर्व्यांनी टोपी सारखी केली आणि दुसरीकडं बघितलं.

मी शेडमागं गेलो. जिप्सीचं दार बघितलं. सातच्या अलीकडं एक होता. पण माझा नव्हता. माझ्या पट्टीचं टोक दातानं तोडलेलं, वेडंवाकडं; ती मला आत बसवून त्यानं नखानं खरवडून काढली होती. ही पट्टी ब्लेडनं सरळ कापलेली होती, दोन्हीकडं. कापून आधीच कुठंतरी तयार ठेवली असणार. म्हणजे त्या क्षणाला सुचलेलं नव्हतं हे. घरून करून आणलेलं होतं.

वहिनी तिथंच होत्या. सतरंजीवर डबा उघडून बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही बघितलं न्हवं?"

त्यांनी भाकरीवर झुणका वाढला. ताट माझ्या बाजूला सरकवलं.

"जेवून घ्या भावजी. सकाळपासनं पोटात काही नाही तुमच्या."

मी चालत घरी आलो. बरंच लांब आहे.

आठवडा गेला असेल. मी प्लॉटात ओम्नी धूत होतो. गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं, ते खाली आलं आणि कुलदीपदा रस्ता ओलांडून आला. मी पाईप बंद केला नाही. तो बाजूला उभा राहून बोलायला लागला, आणि बराच वेळ बोलला. पुण्याचे लोक ठरावीक वयापर्यंतच घेतात, पुढच्या वर्षी त्याला घेतलं नसतं, मला अजून पुष्कळ वर्षं आहेत. इतकी वर्षं तो दुसरा-तिसराच येत आलाय. ओवीला शाळेत पोरं विचारतात तुझा बाबा कधी जिंकणार. हे सगळं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग म्हणाला, "गाडी माझी. टायर माझं. शिकवलं मी. त्या फेरीत माझं काहीच नव्हतं काय अवधूत?"

"हुतं," मी म्हणालो. "मागितली असतीस तर दिली असती."

असं म्हणालो खरं. दिली असती का, मला आजही माहीत नाही.

तो गेला नाही. ओम्नीच्या चाकाकडं बघत उभा राहिला. मग खरं काम निघालं. गाडी हातात द्यायच्या आधी पुण्याला टेस्ट होती. बर्व्यांनी मैदान ओलं करून ठेवायचं ठरवलं होतं, कारण त्यांना ती फेरी परत बघायची होती. हे ऐकून मला हसू आलं. आवरलं नाही मी.

त्यानं डावी बाही वर केली. कोपरापासून खाली सगळं सोललेलं, वर हळद लावलेली. एकटाच यार्डात गेला होता, टँकरवाल्याला सांगून पाणी मारून घेतलं होतं. झोका द्यायला बघितला, मधेच हात हँडब्रेकवर गेला, आणि कडेच्या कोरड्या पट्ट्यावर चाकं अडकून जिप्सी दोन चाकांवर उभी राहिली. पडली नाही, परत खाली आदळली, आणि हँडब्रेकवरचा हात आतल्या पत्र्यावर घासला. वहिनींना त्यानं सांगितलं होतं, गॅरेजात जॅक सटकला.

"मला ते थांबायचं दाखव," म्हणाला. "झोका दिल्यावर तू थांबतोस ते. मला कळतच न्हाई किती."

मी पाईप धरून उभा होतो. आणि मला स्वच्छ दिसत होतं की काय करता येईल. एकच शब्द बदलायचा. आधी ऐवजी नंतर म्हणायचं. पाय थोडा उशिरा उचल दादा, एवढंच. तो विश्वास ठेवणार होता, कारण त्याला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. टेस्टला जाऊन फिरला असता, तोंडावर पडला असता. नाहीतर तिथंपर्यंत पोचायच्या आधीच यार्डात गाडी पालथी. कुणाला कधी कळलं नसतं.

त्याला पण ते कळत होतं. म्हणून तर माझ्या तोंडाकडं बघत होता तसा.

पण गाडीत तो माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. दोन महिने शेजारी बसला, सोड म्हणाला तेव्हा सोडायचीच वेळ होती, धर म्हणाला तेव्हा धरायचीच. तेवढं एक त्याच्याकडून घेतलेलं माझ्याकडं होतं, आणि ते मला घाण करायचं नव्हतं. मी पाईप खाली टाकला.

"सकाळी येतो यार्डात. टँकर सांगून ठेव."

"भावा," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला.

मी मागं सरकलो. "ऐकून घे आधी. गाडीत बसलो की तू विचारशील ते सांगीन. एक गोष्ट लपवणार न्हाई, एक चुकीची सांगणार न्हाई. तुला जमेपर्यंत रोज येईन. आणि ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी गाडीतनं उतरल्यावर तुझ्याशी परत कधी बोलणार न्हाई. शब्द दिला."